गायकाचा दुसरा गळा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते मास्तर हयातभर पेटीची साथ करत आले. म्हणून आज साथीबद्दलच बोलावं असं मनात आलं. साथ मात्र मी लांबची निवडली आहे. अमेरिकेच्या कंट्री संगीतात, ढोबळमानानं १९२७ ते १९५४ या काळात, पेडल नसलेल्या स्टील गिटारनं गायकाला जी सोबत केली तिच्याबद्दल मी बोलणार आहे.

कंट्री संगीत ज्यांनी थोडंफार ऐकलं आहे त्यांच्या कानात एक सूर हमखास राहिलेला असतो. गायकाची ओळ संपते आणि मागून कुणीतरी उसासा टाकावा तसा एक सूर वर चढतो, तिथं थरथरतो आणि खाली घसरत येतो. हा सूर स्टील गिटारचा. आज बहुतेक ठिकाणी ऐकू येते ती पेडल स्टील. तिला पायाखाली पेडल असतात, गुडघ्यांनी ढकलायच्या दांड्या असतात, आणि वाजत्या तारेचा सूर त्या यंत्रणेनं वरखाली करता येतो. पण हा सूर जन्मला तेव्हा यातलं काहीच नव्हतं. दोन हात होते आणि पोलादाचा एक तुकडा होता. माझं म्हणणं असं आहे की त्या तुकड्याची एक मोठी अडचण होती, आणि तिच्याशी झुंजताना वादकांनी कंट्री गाण्याला साथ करायची रीत घडवली. पुढे यंत्रानं ती अडचण सोडवली, तरी रीत मात्र या जुन्या मंडळींचीच राहिली.

आधी वाद्य कसं वाजतं ते पाहू, नाहीतर पुढचं बोलणं हवेत जाईल. गिटार मांडीवर आडवी ठेवतात, तोंड वर करून. तारा इतक्या उचललेल्या असतात की दाबल्या तरी पडद्याला टेकत नाहीत. पडदे फक्त खुणेपुरते. डाव्या हातात गुळगुळीत पोलादी बार, तो तारांवर अलगद टेकवून सरकवायचा. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. सूर कुठं थांबेल हे पडदा ठरवत नाही, कान ठरवतो. इथं बसलेल्यांपैकी ज्यांनी विचित्रवीणा किंवा दक्षिणेतलं गोट्टुवाद्यम ऐकलं आहे त्यांना हे नवीन वाटणार नाही. मींड हा या वाद्याचा स्वभावच आहे.

आता अडचण. तारा एका कॉर्डमध्ये लावलेल्या असतात. बार सरळ धरला तर सगळ्या तारा सारख्याच अंतरानं चढतात, म्हणजे कुठेही गेलात तरी तीच कॉर्ड, फक्त वेगळ्या पट्टीत. पण पाश्चात्त्य गाण्याला सुरांच्या जोड्या लागतात, आणि त्या एकसारख्या नसतात. समजा एक तार सा ला लावली आहे आणि तिच्याशेजारची ग ला. मोकळ्या तारांवर सा-ग ही जोडी मिळाली. पुढची जोडी रे-म. सा ची तार रे होण्यासाठी दोन पडदे चढायला हवी. ग ची तार म होण्यासाठी एकच. सरळ बारनं हे होणार नाही. मग बारचं पलीकडचं टोक खुंट्यांच्या दिशेला कलवायचं, म्हणजे पातळ तार पहिल्या पडद्यावर आणि जाड तार दुसऱ्यावर येते. मनगटाला ही वळणं अवघड जातात, आणि वर जाल तसे पडदे जवळ जवळ येत असल्यानं बारचा कोन प्रत्येक जागी बदलतो. कोन केसाएवढा चुकला तरी जोडी बेसूर. चालत्या गाण्यात, लयीत, हे करायचं. ज्याला ते नको असेल त्यानं काही सूर सोडून द्यायचे. कोणते सूर सोडायचे, इथंच वादकाची पारख होते.

हे वाद्य आलं हवाईतून. तिथं गिटार पोचली ती मेक्सिकन गुराख्यांबरोबर, १८३० च्या दशकात. राजानं त्यांना बेटावरची रानटी झालेली गुरं आवरायला बोलावलं होतं. बेटवासीयांनी तारा आपल्या पद्धतीनं सैल करून लावल्या. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओआहू बेटावरच्या लाइए गावचा जोसेफ केकुकु हा शाळकरी मुलगा लोखंडाची वस्तू तारांवर घासू लागला, आणि होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेत शिकताना त्यानं ही पद्धत पक्की केली, असं मानलं जातं. होनोलुलूत गेब्रिएल डेव्हिऑन नावाच्या खलाशाचंही नाव घेतलं जायचं. तो जन्मानं हिंदुस्थानातला होता आणि केकुकुच्या आधी त्यानं तारेवर वस्तू सरकवून गिटार वाजवली, अशी आठवण जुन्या लोकांनी सांगितली आहे. आपल्याला ही गोष्ट खरी असावीशी वाटेल, पण आठवणीपलीकडे तिला आधार नाही. केकुकुनं मात्र पुढच्या आयुष्यभर हे वाद्य वाजवलं, शिकवलं आणि १९०४ साली ते अमेरिकेच्या मुख्य भूमीवर नेलं.

तोवर हवाईचं राज्य गेलं होतं. १८९३ साली राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं गेलं, १८९८ साली बेटं अमेरिकेत सामील करून घेतली गेली. ज्या देशानं राज्य घेतलं त्याच देशाला मग बेटांच्या गाण्याचं वेड लागलं. १९१२ साली ब्रॉडवेवर ‘द बर्ड ऑफ पॅरडाइज’ हे नाटक हवाईयन वादकांसह आलं. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात हवाईच्या दालनात गर्दी लोटली. त्यानंतर हवाईयन मंडळ्या तंबूच्या खेळांतून खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. क्लीव्हलंडची ओआहू पब्लिशिंग कंपनी मुलांना गिटार आणि धडे विकू लागली. ओहायोतल्या शेतकऱ्याच्या किंवा अलाबामातल्या गिरणी कामगाराच्या मुलापर्यंत हवाईयन गिटार पोचली ती अशी, तंबूतून आणि टपालातून.

या इतिहासात एक गोष्ट मला नेहमी टोचते. कंट्री हे गोऱ्या डोंगराळ माणसांचं घरचं संगीत, अशी त्याची ख्याती आहे. पण ज्या सुरावरून ते चटकन ओळखू येतं तो सूर बेटावरच्या माणसांनी आणि काळ्या माणसांनी दिला. लुईव्हिलचा काळा गिटारवादक सिल्व्हेस्टर वीव्हर यानं १९२३ साली ओके कंपनीसाठी ‘गिटार रॅग’ ध्वनिमुद्रित केलं. पुढे टेक्सासच्या लिऑन मॅकऑलिफनं, बॉब विल्सच्या बँडमध्ये असताना, १९३६ साली ‘स्टील गिटार रॅग’ वाजवलं आणि ते या वाद्याचं राष्ट्रगीतच होऊन बसलं. दोन्ही मुद्रणं पाठोपाठ ऐका, नातं लपत नाही. रचनाकार म्हणून नाव लागलं मॅकऑलिफचं. मॅकऑलिफ उत्तम वादक होता, त्याच्या हातात जोम होता, हे मी मनापासून म्हणतो. तरी वीव्हरचं नाव त्या तबकडीवर हवं होतं.

हवाईयन वादकांची नावंही अशीच मागे पडली. जिमी रॉजर्सला कंट्री संगीताचा जनक म्हणतात. १९२७ साली ब्रिस्टल गावी त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं आणि सहा वर्षांत क्षयानं तो गेला. त्या सहा वर्षांत तो स्टील गिटारकडे पुन्हा पुन्हा वळत राहिला: १९२९ साली हवाईयन जो काइपो, १९३० साली लानी मॅकिन्टायर आणि त्याची मंडळी, १९३१ साली केंटकीचा क्लिफ कार्लाइल. रॉजर्सच्या त्या मोडत्या, उंच उडणाऱ्या आवाजाला साथ करायला मोडत जाणाराच सूर लागत होता. त्याच सुमाराला स्टीलवादक जिमी टार्लटननं टॉम डार्बीबरोबर ‘कोलंबस स्टॉकेड ब्लूज’ आणि ‘बर्मिंगहॅम जेल’ ही दोन गाणी एकाच तबकडीवर दिली. साल १९२७, गाव अटलांटा. तबकडी तुफान खपली. दोघांनी एकरकमी पैसे घेऊन हक्क सोडले होते. टार्लटननं बारचे धडे कॅलिफोर्नियात हवाईयन वादक फ्रँक फेरेराकडून घेतले होते. म्हणजे बेटावरच्या माणसाचा हात आणि दक्षिणेतल्या गिरणीच्या गावातलं गाणं यांत मध्ये एकच माणूस होता.

कंट्री गायक रॉय अ‍ॅकफच्या बँडमध्ये बीचर ‘पीट’ कर्बी, रंगमंचावरचं नाव बॅशफुल ब्रदर ओझवल्ड, १९३९ पासून डोब्रो वाजवत असे. डोब्रो म्हणजे पोटात धातूची चकती बसवलेली गिटार, दोपेरा बंधूंनी १९२० च्या दशकाच्या शेवटी काढलेली. चकतीनं आवाज मोठा होई, किंचित नाकातला होई. ग्रँड ओल ऑप्रीच्या शनिवारच्या नभोवाणी कार्यक्रमामुळे तो आवाज अर्ध्या अमेरिकेच्या घरांत गेला.

चकतीही पुरली नाही. टेक्सासच्या नाचघरांत पितळी वाद्यं, पियानो आणि शेकडो पायांचा धुमाकूळ यांच्यात गिटार ऐकूच येत नसे. वीज आधी या वाद्याला लागली, यामागं कारण आहे. मांडीवरच्या गिटारला पोकळ पोटाची गरजच नाही. तार, चुंबक आणि एक ठोकळा पुरे. जॉर्ज बोशॉम्प आणि अडॉल्फ रिकेनबॅकर यांनी १९३२ मध्ये बाजारात आणलेली अ‍ॅल्युमिनियमची ‘फ्राइंग पॅन’ ही विक्रीला आलेली पहिली विजेवरची गिटार, आणि ती मांडीवरचीच होती. पुढे रॉक संगीतात जी इलेक्ट्रिक गिटार गाजली तिची ही थोरली बहीण.

जानेवारी १९३५ मध्ये शिकागोत मिल्टन ब्राऊनच्या बँडबरोबर स्टीलवादक बॉब डन ध्वनिमुद्रणाला बसला. विजेवरचं वाद्य कंट्रीत मुद्रित झालं ते तिथं पहिल्यांदा. डननं साध्या गिटारच्या तारा चुंबकावर वाजतील अशी सोय करून घेतली होती. ‘टेकिंग ऑफ’ नावाचं त्याचं वादन ऐकलं तर हवाईच्या लाटा कुठेच आढळत नाहीत. जॅझमधल्या ट्रॉम्बोनसारखे तुटक, उसळते, अंगावर येणारे फटके आहेत. मला तो कायम थोडा घाईत वाटतो, पण त्यानं एक दार उघडलं: स्टील गिटार नुसती रडत नाही, वाद घालते, हसते, उद्धटपणाही करते.

आता मी मास्तरांच्या विषयाकडे येतो, साथीकडे. कंट्री गायक हँक विल्यम्स १ जानेवारी १९५३ रोजी, एकोणतिसाव्या वर्षी, गाडीच्या मागच्या सीटवर मेला. त्याच्या गाजलेल्या बहुसंख्य गाण्यांत डॉन हेल्म्सची स्टील आहे. हेल्म्स अलाबामाच्या न्यू ब्रॉकटनचा, जन्म १९२७ चा. विशीत पोचायच्या आतच तो हँकबरोबर वाजवू लागला. गिब्सनची दोन पट्ट्यांची कन्सोल ग्रँड, पेडल नाही. बँडमध्ये जेरी रिव्हर्सचं फिडल, एक गिटार, एक बास. पडघम नाहीत. त्यामुळे गायकाच्या ओळींमधल्या मोकळ्या जागा खरोखर मोकळ्या असत, आणि त्या फिडल आणि स्टीलला वाटून घ्याव्या लागत.

‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ हे गाणं २१ डिसेंबर १९५० रोजी नॅशव्हिलच्या कॅसल स्टुडिओत मुद्रित झालं.

(या ठिकाणी ध्वनिमुद्रण ऐकवण्यात आलं.)

हेल्म्स काय करतो ते पाहा. हँक गात असताना तो जवळजवळ गप्प असतो. ओळ संपली की येतो, आणि येतो तो हँकच्या आवाजापेक्षा पुष्कळ वरून. निर्माते फ्रेड रोझ यांचा त्याला उंच वाजवायचा आग्रह असे. त्या काळचे ज्यूकबॉक्स आणि गाड्यांतले रेडिओ खालचे सूर गिळून टाकायचे. उंच सूर पत्र्याच्या कर्ण्यातूनही सुटून येई. पण त्यातून एक कलात्मक लाभ झाला. गायक छातीतून बोलतोय आणि त्याला जे बोलवत नाही ते वरून कुणीतरी बोलतंय, असा भास तयार झाला. हेल्म्सची वाक्यं छोटी असतात. एक झेप, एक थरथर, एक उतार, संपलं. बारच्या अडचणीबद्दल मी मघाशी सांगितलं ते इथं आठवावं. ज्याला भराभर कॉर्ड बदलता येत नाहीत तो दोन सुरांतच म्हणणं मांडायला शिकतो, आणि दोन सुरांत मांडलेलं म्हणणं गायकाच्या आड येत नाही.

२३ सप्टेंबर १९५२ रोजी त्याच स्टुडिओत हँकचं शेवटचं मुद्रण झालं. ‘युअर चीटिन हार्ट’ त्या दिवशीचं. गाणं सुरू होतं ते हेल्म्सच्या सुरांनी. हँकनं तोंड उघडायच्या आधीच श्रोत्याला कळतं की आपण कुठल्या घरात शिरतोय. साथीदारानं गायकासाठी यापेक्षा जास्त काय करावं?

दुसरा मोठा हात जेरी बर्डचा. ओहायोतल्या लायमा गावचा, जन्म १९२०. लहानपणी गावात आलेल्या हवाईयन मंडळींचा तंबूतला खेळ त्यानं पाहिला आणि तिथंच त्याचं आयुष्य ठरलं. हँकचं ‘लव्हसिक ब्लूज’ (१९४८) आणि ‘आय अ‍ॅम सो लोनसम आय कुड क्राय’ (१९४९), ही दोन्ही सिनसिनाटीतली मुद्रणं, बर्डच्या स्टीलची आहेत. हेल्म्स आणि बर्ड लागोपाठ ऐकले तर वाद्य वेगळं आहे की काय अशी शंका येते. हेल्म्सचा सूर धारदार, कडेला चकाकणारा. बर्डचा गोल, भरलेला. बेकेलाइटच्या रिकेनबॅकरवर तो वाजवी. तिरक्या बारचं काम त्याच्याइतकं स्वच्छ कुणाचं नाही. कोन बदलतो पण ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही, जोड्या जणू आपणहून एकीतून दुसरीत वितळतात. सी-सिक्स्थ या लावणीला, म्हणजे कॉर्डमध्ये सहावा सूर मिळवून तारा लावायच्या पद्धतीला, त्यानं जी प्रतिष्ठा दिली ती आजही टिकून आहे. आणि त्याचं कंपन! बार हलका मागेपुढे डोलवत सूर जिवंत ठेवायची ती रीत थेट हवाईची आहे. निवड करायचीच झाली तर मी बर्डच्या बाजूला आहे, हे इथं सांगून टाकतो. हेल्म्स गाण्याला जास्त उपयोगी होता. बर्डचा सूर एकटा ऐकला तरी पोट भरतं.

मग १९५४ साल उजाडलं. गायक वेब पिअर्सचं ‘स्लोली’ हे गाणं बाजारात आलं आणि सतरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्यात स्टीलवादक बड आयझॅक्सनं तारा वाजत असतानाच पेडल दाबलं. बाकीच्या तारा स्थिर आणि एक तार त्यांच्या अंगावरून चढत गेली. बार कितीही तिरका केला तरी हे जमणार नव्हतं. पेडल त्याआधीही होते, स्पीडी वेस्टकडे १९४८ पासून पॉल बिग्सबीनं बनवलेलं पेडल वाद्य होतं. पण वाजत्या सुरात पेडलची हालचाल ऐकवायची ही कल्पना आयझॅक्सची. काही वर्षांतच नॅशव्हिलच्या बहुतेक स्टीलवादकांनी वाद्यं बदलली. पेडल स्टीलवर मी राग धरून नाही. तिनं पुढे अप्रतिम वादक दिले. पण तेही गायकाची ओळ संपल्यावरच येतात, वरून येतात, थोडक्यात बोलतात. ही शिस्त हेल्म्सच्या पिढीनं घालून दिलेली.

पेडलचा प्रश्न आपल्याकडे कधी उभाच राहिला नाही, हे इथं सांगायला हवं. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी हीच हवाईयन गिटार रागसंगीतात आणली. उस्ताद अली अकबर खाँ त्यांचे गुरू. १९६० च्या दशकातल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीला ती तुम्ही ऐकली असेल. आपल्या संगीतात सुरांच्या जोड्या लागत नाहीत. एका तारेवर मींड काढली की राग उभा राहतो. ज्या तिरक्या बारसाठी बर्डनं मनगट झिजवलं त्याची काबरांना गरज पडली नाही. त्यांनी चिकारीच्या तारा जोडल्या आणि गायकी अंगाकडे गेले. एकच वाद्य दोन देशांत दोन वेगळ्या अडचणींसमोर उभं राहिलं आणि त्यामुळे दोन वेगळी घराणी झाली.

जेरी बर्डनं पेडल लावले नाहीत. नॅशव्हिलमध्ये त्याच्या पद्धतीला मागणी उरली नाही तेव्हा १९७२ साली तो होनोलुलूला राहायला गेला. हवाईतही तोवर नव्या मुलांनी स्टीलकडे पाठ फिरवली होती. ओहायोच्या या माणसानं तिथल्या मुलांना शिकवायला घेतलं. अ‍ॅलन अकाका त्याच्या शिष्यांपैकी. तो आज स्वतः वाजवतो आणि शिकवतो. १९७८ साली स्टील गिटार हॉल ऑफ फेमची पहिली नावं ठरली त्यांत बर्ड होता. २००५ साली होनोलुलूतच तो गेला.

हेल्म्स नॅशव्हिलच्याच बाजूला राहिला. हँक गेल्यावर त्यानं इतरांसाठी वाजवलं. गायिका पॅट्सी क्लाइनच्या ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’मध्ये स्टील त्याचीच आहे, आणि ते गाणं पेडलच्या लाटेनंतरचं, १९५७ सालचं. हँकची मुलगी जेट विल्यम्स वडील गेल्यावर पाच दिवसांत जन्मली. मोठेपणी ती वडिलांची गाणी गाऊ लागली तेव्हा तिच्या मागं हेल्म्स बसत असे, बिनपेडलची स्टील घेऊन. २००८ साली तो वारला. त्यानं साथ केलेली हँकची शंभरावर मुद्रणं आज सहज मिळतात. घरी गेल्यावर त्यांतलं कोणतंही एक लावा आणि गायकाचा शब्द संपतो तिथून पुढचे चार सेकंद ऐका.